ज्यांना चाचे म्हटलं गेलं, ते सरखेल कान्होजी

२००७ साली आलेला ‘पायरेट्स ऑफ द कॅरेबियन’ मालिकेतला तिसरा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात जगभरातल्या चाच्यांचे नऊ सरदार एका टेबलाभोवती जमतात. त्यातला एक दाढीवाला, पागोटंवाला, आपल्याकडचा दिसणारा. हिंदी महासागराचा सरदार म्हणे. त्याचं नाव सुंभाजी आंग्रिया. नाव जरा हळू वाचा. आंग्रिया म्हणजे आंग्रे. इंग्रज आपल्या कागदपत्रांत आंग्र्यांना असंच लिहायचे. आणि संभाजी आंग्रे हे कान्होजी आंग्र्यांचे खरेखुरे चिरंजीव होते. म्हणजे हॉलिवूडने आपल्या इतिहासातलं एक घराणं उचललं आणि थेट चाच्यांच्या पंगतीला नेऊन बसवलं.

राग येण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. हे हॉलिवूडच्या डोक्यातून आलेलं नाही. तीनशे वर्षांपूर्वी मुंबईतले इंग्रज अधिकारी लंडनला पत्रं पाठवायचे, त्यात हेच लिहिलेलं असायचं. आता दुसरी बाजू. मुंबईत भारतीय नौदलाचा एक तळ आहे, त्याचं नाव ‘आयएनएस आंग्रे’. एकच माणूस. एका कागदात चाचा, दुसऱ्या कागदात नौदलाचा पूर्वज. खरं काय मग?

आपण राहतो दिघोरीत, भंडारा जिल्ह्यात. इथून अलिबाग नऊशे किलोमीटरांच्या घरात. आपलं पाणी म्हणजे तलाव, बोड्या आणि वैनगंगा. आपली नाव म्हणजे ढिवर बांधवांचा डोंगा. समुद्र आपल्याला सहलीत दिसतो, नाहीतर मोबाइलवर. त्यामुळे कान्होजी म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं एक वाक्य, मराठा आरमाराचे प्रमुख, एक मार्क, विषय संपला. पण या माणसाच्या आयुष्यात एक असा प्रश्न आहे, जो समुद्रापासून कितीही लांब राहिलं तरी आपला पिच्छा सोडत नाही. कुणाला गुन्हेगार म्हणायचं, हे नेमकं कोण ठरवतं?

परवाना असला की लूट चालते

आधी त्या काळाचे नियम समजून घेऊ. युरोपात तेव्हा सारख्या लढाया चालायच्या आणि राजांकडे पुरेशी जहाजं नसायची. मग राजा एखाद्या खासगी जहाजमालकाला कागद द्यायचा. शत्रूची जहाजं पकड, माल तुझा, त्यातला ठरलेला हिस्सा सरकारचा. अशा परवानाधारक लुटारूला प्रायव्हेटीअर म्हणत. पकडलेलं जहाज न्यायालयासमोर यायचं, त्याची किंमत व्हायची, लिलाव व्हायचा. कधी कधी गंमत अशी व्हायची की पकडलेलं जहाजच नव्या मालकाकडे जाऊन शिकारीला निघायचं. इंग्रज-फ्रेंच युद्धांत फ्रेंच आरमाराच्या ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांची चपळ जहाजं, इंग्रजांच्या हाती लागत. मग झेंडा बदलून त्यातलीच काही फ्रेंचांच्या मालावर धाड घालायला बाहेर पडत. तेच लाकूड, त्याच तोफा. बदलला तो फक्त कागद.

कागद असेल तर मान, नसेल तर फास. फ्रान्सिस ड्रेकने स्पेनची जहाजं लुटली आणि १५८१ साली इंग्लंडच्या राणीने त्याला ‘सर’ केलं. विल्यम किड मात्र नशिबाचा कच्चा. १६९६ साली इंग्लंडच्या राजाचा परवाना घेऊन तो निघाला. पुढच्या वर्षी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कारवारला पोहोचला. १६९८ च्या जानेवारीत त्याने केरळच्या बाजूला ‘क्वेदा मर्चंट’ नावाचं जहाज धरलं. जहाजाकडे फ्रेंच परवाना होता, म्हणजे किडच्या हिशेबाने ती शत्रूचीच मालमत्ता. पण जहाजावरचा माल मुघल दरबाराशी संबंध असलेल्यांचा निघाला. मुघल भडकले, कंपनीचा व्यापार अडचणीत आला आणि किड एका झटक्यात चाचा ठरला. खटल्यात ते फ्रेंच परवाने काही सापडले नाहीत. १७०१ साली लंडनमध्ये त्याला फाशी झाली. परवाने सापडले ते थेट विसाव्या शतकात!

हा किड आपल्या किनाऱ्यावर फिरत होता, त्याच १६९८ साली कोकणात एका मराठी माणसाला आरमाराचं सर्वोच्च पद मिळालं. सरखेल कान्होजी आंग्रे.

सगळं बुडत असताना

आंग्र्यांचं मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे झालं. वडील तुकोजी शिवरायांच्या चाकरीत, सुवर्णदुर्गावर. दापोली तालुक्यातल्या हर्णैसमोर समुद्रात हा किल्ला आजही उभा आहे. १६६९ च्या सुमारास जन्मलेले कान्होजी या खाऱ्या वाऱ्यातच वाढले. भरती-ओहोटी, खडक, खाड्या, वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो, हे सगळं त्यांना पोहता येण्याइतकंच सहज येत असणार.

शिवरायांनी आरमार उभं केलं, सिंधुदुर्ग बांधला, मुंबईच्या तोंडावर खांदेरीला तट घातला, अलिबागसमोर कुलाबा किल्ल्याचं काम काढलं. पण १६८९ साल आलं आणि सगळंच हादरलं. संभाजी महाराजांची हत्या झाली. रायगड पडला. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला गेले. कोकणात मुघलांच्या बाजूने जंजिऱ्याचे सिद्दी एकेक ठाणं गिळत होते. अशा वेळी किनाऱ्यावरच्या तरुण अधिकाऱ्याला वरून पगार येत नाही, कुमक येत नाही, हुकूमही वेळेवर येत नाही. जे करायचं ते स्वतःच्या डोक्याने. कान्होजींनी किल्ले टिकवले, गेलेले परत घेतले, जहाजं बांधत राहिले. सिधोजी गुजरांनंतर सरखेलपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आत-बाहेर होतं.

म्हणजे बघा, किडसारखा एका सफरीपुरता परवाना नव्हे. हे राज्याचं पद होतं. त्याला किल्ले, मुलूख आणि जबाबदारी जोडलेली होती.

समुद्रावरचा टोल

मग चाचेगिरीचा आरोप कशावरून? एका कागदावरून. त्याला दस्तक म्हणत.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांनी हिंदी महासागर आपल्या बापाचा असल्यासारखा नियम काढला. इथल्या व्यापाऱ्याने जहाज न्यायचं असेल तर त्यांचा परवाना घ्यायचा, त्यांच्या बंदरात जकात भरायची. परवाना नसेल तर जहाज जप्त. या परवान्याला ते कार्ताझ म्हणायचे. पुढे इंग्रज आणि इतर कंपन्याही आपापले पास देऊ लागल्या. कुणी त्यांना चाचे म्हटलं नाही. निदान त्यांच्या स्वतःच्या कागदांत तरी नाहीच.

कान्होजींनी तोच हिशेब उलट बाजूने मांडला. हा किनारा छत्रपतींचा, तर या पाण्यातून जाणाऱ्याने छत्रपतींच्या सरखेलाचं दस्तक घ्यावं. दस्तक असेल तर सुखाने जा, कुणी हात लावणार नाही. नसेल तर जहाज धरलं जाईल.

इंग्रजांशी खरं भांडण जुंपलं ते यातल्या एका बारीक मुद्द्यावर. कंपनीची स्वतःची जहाजं सोडायला कान्होजी तयार होते. पण कंपनीचे नोकर खासगी धंदा करायचे, आणि कंपनीशी जोडलेले हिंदी व्यापारी आपल्या जहाजांवर इंग्रजी पास नाहीतर इंग्रजी झेंडा लावून फुकटात जायला बघायचे. ही जहाजं इंग्रजांची कशी, असा कान्होजींचा सवाल. आमचा पास म्हणजे आमचं जहाज, असं कंपनीचं उत्तर. १७१७ साली त्यांनी ‘सक्सेस’ नावाचं जहाज धरलं, ते कंपनीच्या सुरतेतल्या दलालाचं होतं. भांडण पेटलं. थोडक्यात, टोलनाक्यावर दुसऱ्याचा पास दाखवून सुटायला बघणारी गाडी अडवली, म्हणून नाकेवाल्याला दरोडेखोर ठरवलं.

वारा पडला की शिकार

कान्होजींकडे युरोपियनांसारखी अवाढव्य जहाजं नव्हती. होते ते गुराब आणि गलबतं. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांचा, पुढे निमुळतं नाक, त्या नाकाशी समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत लहान, हलकं, चाळीस-पन्नास वल्हेकरी ओढतील असं. दोघांचाही तळ उथळ, त्यामुळे खाडीत आतपर्यंत शिरता येई.

युक्ती साधी होती. मोठं इंग्रजी जहाज म्हणजे शिडांवर चालणारा किल्ला. त्याच्या तोफा दोन्ही बगलांना. वारा पडला की ते जागच्या जागी उभं. मग गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढत आणायची, ती थेट शत्रूच्या पाठीमागे, जिथे त्याच्या तोफा जवळपास पोहोचतच नाहीत. आधी शिडं-दोरखंडांवर मारा. जहाज लंगडं झालं की चारी बाजूंनी माणसं चढायची. अंगावर आलंच कुणी, तर उथळ खाडीत पळ. मोठं जहाज आत आलं तर रुतणार.

या आरमारात कोळी होते, भंडारी होते, मुसलमान खलाशी होते आणि पगारावर आलेले युरोपीय गोलंदाजही होते. पकडलेली जहाजं फोडून टाकायची नाहीत, कामाची असतील तर आपल्या ताफ्यात घ्यायची, ही आंग्र्यांची रीत. शत्रूच्याच गोदीतून आपलं आरमार वाढवायचं म्हणा ना.

गव्हर्नरची नौका

१७१२ च्या अखेरीस आंग्र्यांच्या ताफ्याने कारवारला निघालेली एक इंग्रजी नौका पकडली. नाव ‘अल्जेरिन’. ही साधीसुधी बोट नव्हती, मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका होती. चकमकीत कारवार वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन ठार झाला. त्याची तरुण बायको कैदेत पडली. ही बाई विशीतही पोहोचलेली नव्हती. तीस हजार रुपयांची खंडणी घेऊन १७१३ च्या फेब्रुवारीत तिची सुटका झाली.

इथे थोडं थांबू. कान्होजींना आपण संत करायला निघालेलो नाही. खंडणी ही खंडणीच. त्या काळात सगळेच युद्धकैद्यांसाठी पैसे मागत, हे खरं. पण किल्ल्यात अडकलेल्या त्या विधवेला त्याचा काय दिलासा? आणि सुरतेहून मलबारला निघालेल्या एखाद्या छोट्या व्यापाऱ्याचा विचार करा. वाटेत पोर्तुगीज, सिद्दी, इंग्रज, आंग्रे. प्रत्येकाचा वेगळा कागद, प्रत्येकाचा वेगळा दर. मोठ्यांच्या हक्काच्या भांडणात भुर्दंड त्यालाच.

पेशवाच कैदेत

इंग्रजांशी तेव्हा कान्होजींनी तह केला, कारण घरातच आग लागली होती. १७०७ साली शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीवरून त्यांचा ताराराणींशी संघर्ष सुरू झाला. कान्होजी ताराराणींच्या बाजूचे. १७१३ साली शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवलं. झालं भलतंच. कान्होजींनी पेशव्यांनाच पकडलं आणि लोहगडावर ठेवलं. साताऱ्यात धांदल उडाली.

मग पुढे आले बाळाजी विश्वनाथ. शाहूंनी त्यांना पेशवेपद दिलं आणि त्यांनी लढण्याऐवजी बोलणी केली. १७१४ च्या सुरुवातीला समेट झाला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानलं, पिंगळ्यांना सोडलं. सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे कायम राहिले. यात कान्होजींची निष्ठा किती आणि हिशेब किती, यावर हवा तेवढा वाद घालता येईल. पण परिणाम महत्त्वाचा. समुद्र आणि सातारा पुन्हा एका बाजूला आले.

तीन गोऱ्या सत्ता, एक किनारा

१७१५ च्या शेवटी चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. त्याने मुंबईभोवती तट घातला, लढाऊ जहाजं बांधली आणि आंग्र्यांना संपवायचंच असं ठरवलं. विजयदुर्गावर चालून गेला, जमलं नाही. १७१८ साली खांदेरीवर गेला. हे बेट मुंबईपासून इतकं जवळ की कंपनीच्या गळ्यात अडकलेला काटाच. तिथूनही हात हलवत परत. १७२० साली तोफांची एक खास तरंगती बोट बनवून पुन्हा विजयदुर्ग गाठला. गाजावाजा खूप झाला, किल्ला जागचा हलला नाही.

मग १७२१ साली मोठा घाट घातला. इंग्रज आणि पोर्तुगीज एक झाले. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली राजाच्या आरमाराची चार जहाजं आली. सहा हजारांच्या आसपास फौज अलिबागला उतरली, लक्ष्य कुलाबा. पण सातारा आता कान्होजींच्या पाठीशी होता. तरुण बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन कोकणात उतरले. हल्ला फसला. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह उरकला आणि इंग्रज एकटे पडले. १७१४ च्या त्या समेटाची किंमत इथे कळते. पुढे १७२४ साली डचांनीही विजयदुर्गावर नशीब आजमावून पाहिलं. तेही परतले.

१७२९ च्या जुलैमध्ये कान्होजी वारले. समुद्रावर त्यांना कुणालाही हरवता आलं नव्हतं. त्यांची समाधी अलिबागमध्ये आहे.

एका जहाजाने लावलेली आग

किल्ले, जहाजं, दरारा, सगळं मागे राहिलं. एकी मात्र राहिली नाही. थोरले सेखोजी चार-एक वर्षांत गेले आणि संभाजी व मानाजी या भावांत वाटणी झाली. एकाकडे कुलाबा, दुसऱ्याकडे दक्षिणेचे किल्ले. पेशव्यांनाही एवढं ताकदवान आरमार एका हातात नको होतं, त्यांनी भांडण मिटवण्यापेक्षा वापरून घेतलं.

तरी दरारा ओसरायला वेळ लागला. १७३५ साली संभाजींनी ‘डर्बी’ हे कंपनीचं मोठं जहाज धरलं. पुढे चाळीस तोफांचं ‘ज्युपिटर’ नावाचं फ्रेंच जहाजही आंग्र्यांच्या हाती लागलं. तुळाजींनी १७४९ साली मुंबईच्या आरमारातलं ‘रिस्टोरेशन’ पकडलं आणि घरच्या रीतीप्रमाणे आपल्या ताफ्यात घेतलं.

या ‘रिस्टोरेशन’चा शेवट ऐका. तुळाजींनी पेशव्यांना जुमानणं सोडलं, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ साली सुवर्णदुर्ग गेला. १७५६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. आंग्र्यांची जहाजं धक्क्याजवळ एकमेकांना बांधून ठेवलेली होती. एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. जहाज पेटलं. त्यावरून शेजारचं, त्यावरून त्याच्या पलीकडचं. संध्याकाळपर्यंत कान्होजींच्या घराण्याचं आरमार राख झालं. तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिले. मराठ्यांचं सर्वांत लढाऊ आरमार मराठ्यांच्याच सत्तेने परक्यांच्या मदतीने जाळवलं. पुढच्या वर्षी तोच क्लाइव्ह प्लासीची लढाई जिंकला.

बरोबर शंभर वर्षांनी, १८५६ साली, युरोपातल्या सत्तांनी पॅरिसमध्ये एकत्र येऊन परवानाधारक लुटीची पद्धत बंद केली. तोपर्यंत ज्यांना परवाने द्यायचे त्यांना देऊन झाले होते.

शिक्का कुणाचा?

आता पुन्हा त्या सिनेमाकडे बघा. आंग्रिया चाच्यांच्या टेबलावर कसा पोहोचला, हे आता तुम्हाला माहीत आहे. हरलेल्यांचं आरमार जळलं आणि जिंकणाऱ्यांची पत्रं जपून राहिली. पुढे इंग्रजीत गोष्टी लिहिल्या गेल्या त्या याच पत्रांवरून.

हे फार जुनं वाटत असेल तर आपल्या आसपास पाहा. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा केला आणि कितीतरी जमातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ साली गेला. पण विदर्भातल्या कुठल्याही गावात विमुक्त समाजातल्या तुमच्या वर्गमित्राला विचारा, चोरी झाली की पहिली नजर कुणाकडे वळते. लिहिणारे गेले, राज्य गेलं, शब्द अजून काम करतोय.

म्हणून कान्होजी वाचायचे. त्यांच्यावर फुलं उधळण्यापेक्षा त्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात जास्त मजा आहे. कार्ताझ, इंग्रजी पास आणि दस्तक, तिन्ही कागद एकाच कामाचे. त्यातल्या एकालाच गुन्हा का म्हटलं गेलं, हे ज्याला विचारता येतं त्याला उद्याची बातमी, पोलिसांची प्रेस नोट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्डही नीट वाचता येईल.

आणि कधी कोकणात गेलात तर नुसता बीच करून परतू नका. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि पेशव्यांना ठेवलं होतं तो लोहगड, हे चारही किल्ले २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आहेत. कुलाबा किल्ला त्या यादीत नाही, पण ओहोटीला तिथे चालत जाता येतं. भरतीची वेळ तेवढी आधी विचारून घ्या. समुद्र कुणाचाच परवाना बघत नाही.